पारूबायचे विरळ केस

माझ्याकडे येणारी प्रत्येक बाई केस जास्त मागते. दाट द्या, लांब द्या, काळे द्या, आणि जमलं तर पुढून थोडे भुरे द्या. इतक्या वर्षांत कमी केस मागणारी मला एकच भेटली, ती अंजूरची पारूबाय.

भिवंडीत ब्राह्मण आळीच्या तोंडाशी, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर माझं पार्लर आहे. वडील शाळामास्तर, भाऊ कारकून. मी लोकांचे केस कापायला बसले तेव्हा आळीत बरीच चर्चा झाली. पुढे मी विग करायला लागले, तेव्हा चर्चा करणाऱ्यांपैकीच दोघी जिना चढून हळूच वर आल्या. त्यामुळे लोकांच्या बोलण्याचं मला फारसं काही वाटत नाही.

विगमध्ये मी क्लोजरचा विग जास्त करते. त्याची बाकीची टोपी मशीनवर शिवलेल्या केसांच्या पट्ट्यांची असते. फक्त पुढे, कपाळाच्या वर, तळहाताएवढा जाळीचा तुकडा बसवतात, त्याला क्लोजर म्हणतात. त्या जाळीत एकेक केस हातानं ओवलेला असतो, त्यामुळे भांग पाडला की खाली खरी कातडी असल्यासारखं दिसतं. विग पकडला जातो तो भांगात, आणि लपतो तोही भांगातच.

पारूबाय आली ती भर दुपारी, दुकान रिकामं असताना. साठीच्या पुढची, ठेंगणी, कपाळावर हिरवं गोंदण, आणि डोक्यावरून पदर इतका घट्ट की कानही दिसत नव्हते. आत येताच तिनं कुणाला काही न विचारता भिंतीशी मांडलेल्या थर्माकोलच्या मुंडक्यांची पाहणी सुरू केली. एकीसमोर उभी राही, वाकून बघे, नाक मुरडी, पुढे जाई. घरात सून आणायची आहे आणि एकही मुलगी पसंत पडत नाही, अशी तिची चाल होती. सगळ्यात देखण्या विगसमोर ती थांबली.

"ही कोन?"

"विग आहे तो," मी म्हटलं.

"विग हाय ता दिसतंय मना. पन ही बया कोन? पिच्चरवाली वाटतंय."

माझी सहकारी शबनम पुढे झाली. शबनम लूमवाल्यांच्या वस्तीतली, चाळिशीची. हात सोन्याचा आणि तोंड त्याहून जड. "खाला, ये सबसे अच्छा पीस है. रखके तो देखो."

"अच्छा है म्हनून तर नको," पारूबाय म्हणाली. "मेरेकू वाईट दिखाव."

मग ती खुर्चीत बसली आणि तिनं पदर खाली केला. डोक्यावर एक केस नव्हता. अशी डोकी मी नेहमी बघते. "औषधं कधी संपली?" एवढंच मी विचारलं. पुढे कितीतरी दिवसांनी तिनं मला सांगितलं, "तू 'अरेरे' बोलली न्हाय, म्हनून बसली मी. न्हायतर उठून गेली असती."

तिनं कमरेच्या पिशवीतून एक फोटो काढला. गेल्या वर्षीच्या कुठल्याशा लग्नातला, तिचाच. मधोमध भांग, आणि तो इतका रुंद की त्यातून सायकल जावी. कानशिलांवर पांढरे, वर काळपट-तांबूस, आणि मागे लिंबाएवढा अंबाडा. "आसं कर," ती म्हणाली.

मी तिला धंद्याच्या आवाजात समजावलं की आता नवीनच करायचं आहे तर थोडं चांगलं करू. वयाला शोभेल इतपत भरीव, भांग जरा अरुंद...

"बाय, मी सुदराला आली न्हाय," ती म्हणाली. "व्हती तशी कर."

कारण तिनंच सांगितलं, अगदी हिशेबी आवाजात. पारूबाय धवलारीण होती. आमच्या भागातल्या आगरी लग्नांत भटजी येतो आणि जातो, पण हळदीपासून वरात घरी येईपर्यंत प्रत्येक विधीला गाणं म्हणायला धवलारीण लागते. देवांना बोलवायचं, पितरांना बोलवायचं, नवऱ्याच्या नि नवरीच्या घरातल्या एकेकाचं नाव गाण्यात गुंफायचं, हे तिचं काम. अंजूरपासून वडप्यापर्यंत कित्येक घरांतल्या आजी, आई आणि नात, तिघींची लग्नं पारूबायनं गायली होती. आणि आता मुंबईच्या दवाखान्यात उपचार घेऊन ती परत आली होती. गावात कुणालाच पत्ता नव्हता. लेकीच्या सासूचा पाय मोडलाय, म्हणून पनवेलला राहिले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. लेकीची ती सासू चांगली धडधाकट होती. पण तेव्हापासून अंजूरला आली की त्या बिचारीला लंगडत चालावं लागे.

"पण सांगितलं तर काय होईल?" मी विचारलं. "लोक काळजी घेतील."

"घेतील ना. तीच तर भीती हाय." तिनं बोटांवर मोजायला सुरुवात केली. "एकदा कलला का पारू आजारी हाय, का पयली खुर्ची देतान. पारूबाय, तुमी बसा. खुर्ची दिली का माईक दुसरीला देतान. पारूबाय, तुमी निस्त्या आइका. आन निस्ता आइकाला कोन बोलवतंय गो? पुढल्या लग्नाला पत्रिका येतंय, सांगावा येत न्हाय. मी लग्नात जेवाला गेली न्हाय कदी. गानी गावाला गेली." मग फोटोवर टकटक करून म्हणाली, "तुलशीचा लगीन झाला का लग्ना सुरू. त्याच्या आदी ही बाई मना पायजे."

तर ही मागणी. आता वाईट विग करणं सोपं असेल असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी एकदा करून बघावा. वाईट विग आणि खरे वाईट केस यांत फार अंतर आहे. चांगल्यातला चांगला क्लोजर मागवावा लागला, कारण हलक्या जाळीत मध्येच भांग रुंद केला की गाठी मुंग्यांसारख्या दिसतात. तो आला, दाट आणि काळाभोर, आणि शबनमच्या हातात मी चिमटा दिला. "उपट," म्हटलं. "भांगाच्या दोन्ही बाजूंनी. आणि कपाळावरचे कोपरे मागे ने."

शबनमनं आयुष्यभर बायकांच्या डोक्यावर केस वाढवले होते. तिनं पहिला केस उपटला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिला कोंबडीचं पिल्लू मारायला सांगितलंय. "दीदी, ये गुनाह है."

"गुनाह माझ्या नावावर. तू उपट."

मागच्या पट्ट्यांपैकी काही उसवून काढल्या. कानशिलांवर बारीक आकड्याच्या सुईनं पांढरे केस ओवले. जाळीचा रंग फार गोरा होता. उन्हातान्हात, वर्षानुवर्षं मांडवात उभी राहिलेल्या बाईचा भांग असा नसतो. तेव्हा मी स्टोव्हवर कोरा कडक चहा उकळला आणि जाळी त्यात बुडवली. जाळीला कातडीचा रंग आणायचा हा आमचा नेहमीचा उपाय. पारूबाय ओणवी होऊन पातेल्यात बघत होती.

"आलं न्हाय घातला?"

"विगसाठी आहे, पारूबाय."

"मंग आमाला पन ठेव. निस्त्या टोपीनीच का प्यावा?"

विग डोक्यावर ठेवून ती आरशात बघे आणि म्हणे, "अजून देखनी दिसतंय. काढ थोरे." शबनम थोडे काढी. पुन्हा आरसा. "मास्तरीन दिसतंय आता. काढ." पुन्हा काढी. शबनम रडकुंडीला आली होती. शेवटी एका दुपारी पारूबायनं आरशात बघितलं. दोन्ही हातांनी अंबाडा चाचपला. भांगावरून करंगळी फिरवली. मग आरशातल्या बाईला म्हणाली, "आलीस का गो? कवरा उशीर केलास."

शबनम डोळे पुसायला आत गेली. मी विग कसा धुवायचा ते सांगायला सुरुवात केली, कारण कुणीतरी ते सांगायला हवंच होतं.

सांगून उपयोग झाला नाही, ही गोष्ट वेगळी. रात्री विग काढून कशावर तरी उभा ठेवा, म्हणजे आकार बिघडणार नाही, असं मी सांगितलं होतं. पारूबायनं घरातली नेमकी डोक्याएवढी वस्तू शोधली. पहिल्या धुण्याला विग आला तेव्हा शबनमनं पिशवी उघडली आणि तोंड फिरवलं. "दीदी, इसमें तो झींगा है."

वास सुकटीचा होता. पारूबाय विग सुकटीच्या बरणीवर ठेवत होती.

"दुसरी बरनी बारकी हाय," ती म्हणाली. "लोनच्याची."

"अहो पण वास!"

"आमच्या घरात कोनाच्या केसांना येत न्हाय ता सांग," ती म्हणाली. "वास आला न्हाय तर वलखतील ना." तरीही मी तिला थर्माकोलचं एक मुंडकं दिलं. ते तिनं नाक-डोळे असलेलं नको म्हणून परत केलं. कपाटातून कुणीतरी टक लावून बघतं म्हणे.

पहिलं लग्न वडप्याचं होतं. हायवेलगत ज्यांच्या शेतांची गोदामं झाली अशांपैकी एक घर. हळदीलाच सगळा तालुका लोटणार. आणि हळद हीच खरी अडचण होती. आमच्याकडे हळद फक्त नवऱ्याला लागत नाही. जो हाताशी येईल त्याला लागते, मूठभर लागते, आणि आदरणीय माणसांना जरा जास्तच लागते. क्लोजरच्या जाळीला हळद लागली की ती जन्मात निघत नाही. पिवळा भांग घेऊन पारूबाय पुढच्या लग्नाला गेली असती, तर मग सगळंच संपलं.

"तू चल," ती मला म्हणाली. "माज्या कपालाला कोनाचा हात लागला न्हाय पायजे."

"आणि मी कोण म्हणून येऊ?"

"मागून गान्याची वल धरनारी. मना दुसरी बाई लागतंयच. जी व्हती, ती सुनेकडं गेली."

मी तिला स्पष्ट सांगितलं की शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला लावत. "बेस हाय," ती म्हणाली. "माज्यापेक्षा बरी न्हाय ना गानार? मंग चल."

वडप्याच्या मांडवात मी तिच्या उजव्या हाताला उभी राहिले आणि त्या संध्याकाळी पारूबायच्या कपाळाकडे निघालेली प्रत्येक मूठ मधेच अडवली. नवऱ्याची मावशी आली, ती माझ्या गालावर. आत्या आली, माझ्या गळ्यावर. मामी आली ती दोन्ही हातांनी, तिच्यापुढे मी अख्खीच आडवी झाले. थोड्या वेळात नवऱ्यापेक्षा मी पिवळी होते, आणि पारूबायच्या भांगाला बोटही लागलेलं नव्हतं. "ह्या ताईंना हौस भारी हाय हलदीची," असं कुणीतरी म्हणालेलं मी ऐकलं.

पण खरी गोष्ट मला गाणं सुरू झाल्यावर कळली. आवाज तिचा खणखणीत होता, पण ओळीच्या शेवटापर्यंत तिला श्वास पुरत नव्हता. औषधांनी केस नेले होते ते मी भरून दिले होते, श्वासाचं काय? ओळ संपत आली की तिचं कोपर माझ्या बरगडीत बसे, आणि मी उरलेली ओळ ओरडून पुरी करी. केस टिकून श्वास उघडा पडला असता, तर पुढच्या लग्नाला तिच्यासाठी खुर्ची मांडलेलीच असती. समोर पहिल्या रांगेत कोन गावची सुगंधा बसली होती. ती तरुण धवलारीण, स्वतःचा स्पीकर बाळगणारी, केसांना जांभळट काळा रंग लावणारी. नवरीकडून आली होती, आणि पारूबायचा एकेक श्वास मोजल्यासारखी बघत होती.

नवऱ्याचं नाव गुंफायची ओळ आली. पारूबायनं सुरुवात केली, कोपर बसलं, आणि घाईघाईत माझ्या तोंडून नवऱ्याच्या जागी नवऱ्याच्या बापाचं नाव गेलं. म्हणजे भरमांडवात, देवापितरांच्या साक्षीनं, मी सासऱ्यालाच बोहल्यावर चढवलं.

अख्खा मांडव फुटला. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. सासरेबुवा उठून फेटा सारखा करू लागले, त्यावर आणखी हसू उठलं. त्यांच्या बायकोनं ओरडून सांगितलं, "न्ह्यायचा तर आताच न्ह्या, परत आनू नका!" मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. बाजूला बघितलं तर पारूबाय सगळ्यांसारखीच पदर तोंडाला लावून खदखदत होती. हसणं ओसरल्यावर तिनं पदर काढला आणि पुढचं अख्खं गाणं एका दमात, कोपर न मारता, असं म्हटलं की सुगंधानंही मान डोलावली.

परतताना रिक्षात मी माफी मागायला लागले. "गप," ती म्हणाली. "त्या हसन्यात पोटभर श्वास घेतला मी. पदराच्या आत कोनाला दिसला?" मग जरा विचार करून म्हणाली, "पुढल्या लग्नात पन हीच चूक कर. पन बापाचा नाव नको, मामाचा घे. रोज रोज बाप बरा दिसत न्हाय."

अशी मी चुका करायला लागले. कधी मामा बोहल्यावर चढे, कधी आजोबा, एकदा तर भटजी. लोक वाट बघू लागले. "भिवंडीच्या ताईंची चूक झाली का?" असं उशिरा आलेले पाहुणे विचारत. माझी गाणारी म्हणून कीर्ती झाली नाही, पण चुकणारी म्हणून मात्र अजून टिकून आहे.

आणि केस? त्यांनी तर कमाल केली. प्रत्येक मांडवात बायका पारूबायला बाजूला घेऊन हळहळत. केवढे विरळ झालेत गो, कांद्याचा रस चोळ, जास्वंद वाट. पारूबाय मान हलवून सगळं ऐके आणि दुसऱ्या दिवशी आनंदानं माझ्याकडे येऊन पाढा वाचे. "सगल्या बोलल्या केसां गेली. एक पन बोलली न्हाय का पारू गेली." शबनमलाही तेव्हा कुठे पटलं की तिनं उपटलेला एकेक केस कामी आला.

पावसाळ्यात लग्नं थांबली. श्रावणाच्या सुमाराला पारूबाय रागारागानं जिना चढून आली, खुर्चीत बसली आणि तिनं विग ओढून काढला. "या बग काय झाला!"

तिचे स्वतःचे केस आले होते. नुसते आले नव्हते; दाट आले होते, काळेभोर आले होते, आणि वर कुरळे आले होते. डोक्यावर बोटभर उंचीचं मेंढरू बसल्यासारखं दिसत होतं. औषधांनंतर काहींचे केस असे वेगळेच उगवतात, आपल्या मूळ वळणावर जात नाहीत.

"अहो, छान झालं की! आता विग नको," मी म्हटलं.

"कशी नको? गावात पारूचे केस पातल नि सरल हान. ही कोनाची हान? इचारतील, नवीन कशी आली? मंग इचारतील, जुनी का गेली?" ती आरशाकडे पाठ करून बसली. "मी काय सांगू?"

तेव्हा ठरलं ते असं. तिचे खरे केस वाढेपर्यंत विग घालायचा, आणि विगच हळूहळू तिच्या केसांसारखा करत न्यायचा. दर लग्नाला थोडासा दाट नि काळा. दर लग्नाला थोडासा कुरळा. म्हणजे कुणाच्या नजरेला एकदम ठेच लागणार नाही. मी विग रोलरवर गुंडाळून वाफ देई, आधी टोकांना, मग जरा वर. भांग शबनमकडे होता. "पहले बोली निकालो," ती सुई ओवत पुटपुटे, "अब बोलती है डालो. खाला, अगले साल क्या, जटा बनाऊँ?"

"तू बना तो सही," पारूबाय म्हणे. "मैं किधर भी शोभती हूँ."

पुढचा अख्खा लग्नाचा हंगाम असा गेला. कुणाला काही कळलं नाही. "पारूबाय, कांद्याचा रस लागू पडला वाटतं," एवढंच. श्वासही परत आला होता, पण माझ्या चुका तिनं बंद करू दिल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या खऱ्या केसांचा गच्च अंबाडा व्हायला लागला. विग पेटीत गेला, आणि कोनच्या एका लग्नात पारूबाय स्वतःचे केस घेऊन उभी राहिली.

आणि तिथं सुगंधा सगळ्यांसमोर म्हणाली, "साठीच्या पुढं येवरे केस कोनाला येतान? विग हाय त्यो!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पारूबायचं कोपर बसलं. तिनं लाजल्यासारखं केलं. मग दोन्ही हातांनी कानशिलांवर केस हळूच दाबले, विग घालणाऱ्या बायका तो सरकलाय का ते बघायला दाबतात ना, अगदी तसे. झालं. संध्याकाळपर्यंत अंजूर, कोन आणि वडपे इथं सगळ्यांना कळलं की पारूबाय म्हातारपणी विग लावते.

मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. ती रिक्षात गुणगुणत होती. "नटवी बोलतान मना. बोलू दे. नटव्या बाईला काय, सगल्या बोलवतान. बगाला तरी बोलवतान."

त्रास झाला तो मला. लोक दुकानात येऊन सांगू लागले, "ताई, पारूबायचा विग तुम्हीच केला ना? जरा जास्तच फुगलाय हो. खोटा कळतो." जो विग मी जीव ओतून केला तो कुणी ओळखला नाही, आणि जे केस देवानं दिले त्यांची शिलाई वाईट म्हणून मला बोलणी बसली. मी तिच्याकडे तक्रार केली, तर म्हणाली, "घट्ट शिवाचा व्हता ना मंग."

ती पुढे बरीच लग्नं गायली, सगळी उभ्यानं. गेली ती गेल्या चैत्रात, झोपेत. आदल्या दिवशी शेजारच्या मुलीची सुपारी फुटली होती, तिथं गाऊन आली, जेवली, निजली. तिच्या मुलाचा फोन आला तशी मी अंजूरला गेले. तिला न्हाऊ घालायला बायका जमल्या होत्या, सुगंधाही आली होती. पाणी काढून ठेवलं होतं.

"आदी विग काढा गो," एक बाई म्हणाली. "भिजला तर कसा दिसंल?"

कुणी हात लावेना. शेवटी सुगंधा पुढे झाली, खाली बसली. तिनं अंबाडा सोडला आणि कपाळाच्या वर, भांगाशी, बोटांनी जाळीची कड शोधायला लागली. बराच वेळ शोधत राहिली. मग तिनं हलकेच ओढलं.

"ओढू नका," मी म्हटलं. "तिचेच आहेत."

सुगंधाचा हात तिथंच राहिला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आता खरं सांगायला काही हरकत नव्हती. खुर्ची कुणाला देणार होते? पण मी पारूबायच्या तोंडाकडे बघितलं आणि मला ते काही बरं वाटेना.

"तिचे?" सुगंधा म्हणाली. "येवरी दाट? मंग ही लावायची काय?"

"तेल," मी म्हटलं. "मी करून देत होते."

सुगंधानं हात बाजूला घेतला, शिकेकाई मागितली आणि पारूबायचं डोकं एकटीनं धुतलं. कुरळे केस, विंचरताना गुंता फार होत होता. पण तिनं कंगवा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नाही.

मी तेल करत नाही. कधी केलं नाही. पण त्या दिवसापासून अंजूरकडच्या बायका बाटल्या घेऊन माझा जिना चढतात. त्यांना मी संपलंय म्हणून सांगते. मागच्या आठवड्यात सुगंधा स्वतः आली. जांभळट रंग निघून चालला होता, खाली पांढरं दिसत होतं. तिलाही मी तेच सांगितलं.

"थोरा पन न्हाय?" ती म्हणाली. "सगला तिलाच घातलास?"

"हो," मी म्हटलं. "सगळं तिलाच."